कडीचा आवाज

३ ऑक्टोबर

सकाळच्या बसने आले. थांब्यावर क्लब चालवणारा दार्यान स्वतः गाडी घेऊन उभा होता. गाडीच्या टपावर गुंडाळलेले दोन पंख दोरीने बांधलेले. इथे हँग ग्लायडरला कोणी हँग ग्लायडर म्हणत नाही, पंखच म्हणतात. माझी पिशवी उचलून त्याने विचारलं, "एवढंच? का कॅमेऱ्यांना जागा करायला कपडे घरी ठेवून आलीस?" खरंच तसं होतं. तीन कॅमेरे आणि दोन स्वेटर. मी कबूल केलं तेव्हा तो इतक्या जोरात हसला की थांब्यावरची कबुतरं उडाली.

क्लबला यंदा तीस वर्षं होतात. मार्टिनच्या सणाला, नवी वाइन उघडतात त्या दिवशी, सगळे जुने वैमानिक जमणार आहेत. त्यांना दाखवायला तासाभराची फिल्म हवी आहे. पंखांवर कॅमेरे लावायचे, आलेलं चित्रण कापायचं-जोडायचं आणि हात कमी पडतील तेव्हा गोलेक डोंगराच्या कड्यावर कडी बघायची, हे माझं काम.

कडी बघणं मला लगेच आवडलं. वैमानिक पंखाला एकाच कडीने लटकतो आणि ती त्याच्या पाठीमागे असते. आपली आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून उड्डाणाआधी तो पंखाखाली लटकून आडवा होतो, दुसरा माणूस कडीवर हात ठेवतो, मोठ्याने त्याचं नाव घेतो आणि म्हणतो, "पाहिलं." मग उड्डाणवहीत सही. सही नसेल तर कोणी कड्यावरून धावत नाही.

मला ही सवय घरूनच आहे. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे बाबा. ते डोंगरातली धर्मशाळा सांभाळायचे, बचाव पथकात होते, आणि खालची शाळा दोन तासांवर. अक्षरं मी प्रवाशांच्या नोंदवहीतून शिकले. दोराला पहिल्यांदा हात लावू दिला तेव्हा बाबा म्हणाले होते, डोळ्याने नाही, हाताने बघ. अजून मी घरातून निघताना गॅसच्या बटणाला हात लावून बघते. तीनदा.

क्लबच्या घरात स्वयंपाक मिलोयकाबाई करतात. जेवायला आंबट कोबी आणि घेवड्याचं सूप होतं. माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "कॅमेरावाली आली. आता आमचं गाढवसुद्धा नट होणार." मी दोन वाट्या सूप प्यायले. जेवणघराच्या आढ्याला एक लाल-पांढरा पंख टांगलेला आहे, एका बाजूला नव्याने शिवलेला. कोणाचा, म्हणून विचारलं. दार्यान म्हणाला, मातियाचा, मिलोयकाबाईंच्या मुलाचा. दोन वर्षांपूर्वी कडी अडकवायला विसरला आणि गेला.

बाईंनी डाव भांड्यात आपटला. "विसरला नाही. बुटाची नाडी दोनदा बांधणारं पोर होतं ते."

 मग विटो नावाचा तरुण वैमानिक म्हणाला की सूप थंड होतंय, आणि थंड सूप प्यायचं असतं तर सासुरवाडीलाच गेलो असतो. सगळे हसले. बाईही.

५ ऑक्टोबर

आज उडाले!

दार्यानबरोबर, दोघांच्या पंखावर. त्याने सकाळी कॉफी पितानाच वहीत दोघांच्या सह्या करून टाकल्या होत्या. मला ते बरं वाटलं नाही. कड्यावर मी त्याला आडवं व्हायला लावलं, त्याच्या कडीवर हात ठेवला, नाव घेतलं. मग माझी कडी विटोला बघायला लावली. दार्यान म्हणाला, "ही पोरगी लग्नातसुद्धा नवऱ्याचे दात मोजेल."

पाच पावलं धावलो. सहावं पाऊल पडायला जमीन नव्हती. कोणीतरी पाठीला धरून अलगद उचलल्यासारखं झालं. कापड फडफडायचं थांबलं आणि फक्त वाऱ्याची बारीक शीळ राहिली. खाली द्राक्षाचे मळे तांब्याच्या रंगाचे झालेत. आमची सावली चर्चच्या कौलांवरून, एका बाईच्या वाळत घातलेल्या चादरींवरून, ट्रॅक्टरवरून सरकत गेली. मग एक ससाणा आला आणि पंखाच्या टोकाशी, हाताच्या अंतरावर, आमच्याबरोबर फिरत राहिला. डोकं वळवून माझ्याकडे बघत होता. मी कॅमेरा धरून ठेवला. मला आयुष्यात पहिल्यांदा कशाचीच काळजी वाटत नव्हती. चार मिनिटं. ती चार मिनिटं फिल्मच्या शेवटी ठेवणार आहे.

८ ऑक्टोबर

दिवसभर चित्रण बघत बसले. कॅमेरा पंखाच्या मागच्या टोकाला असतो. चौकटीत वैमानिकाची पाठ, कडी आणि पुढची, हातांनी धरायची दांडी दिसते.

पाहुण्या वैमानिकाच्या परवाच्या उड्डाणात, तिसऱ्या मिनिटाला, दांडीवर चार हात आहेत.

दोन त्याचे. दोन बाहेरच्या बाजूने, खालून वर आलेले. उजव्यात लाल हातमोजा. डावा उघडा, नखं पांढरी पडलेली, जीव खाऊन आवळलेली. मी चित्र थांबवलं, पुढे-मागे केलं, पडदा पुसला. मग या हंगामातली सहा उड्डाणं काढून पाहिली. चारांत ते हात आहेत. दोनांत नाहीत. ससाणा आला त्या माझ्या उड्डाणातही नाहीत.

दार्यानला दाखवलं. तो म्हणाला, काचेवरचं ऊन आहे, असल्या गोष्टी फिल्ममधून काढून टाकायला तर तुला बोलावलंय. बोलताना पडद्याकडे बघत नव्हता.

संध्याकाळी भांडी पुसायला गेले. स्वयंपाकघराच्या खुंटीला एक लाल हातमोजा आहे. डाव्या हाताचा. मी विचारायच्या आधीच मिलोयकाबाई म्हणाल्या, "मातियाचा. दुसरा सापडला नाही. हा त्याला घट्ट व्हायचा म्हणून काढून ठेवायचा."

९ ऑक्टोबर

उड्डाणवही चित्रणाशेजारी ठेवून बघितली. हात आहेत त्या चारही उड्डाणांपुढे दार्यानची सही आहे, एकाखाली एक, एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाने, बाजूला कॉफीच्या कपाचा गोल डाग. सकाळी टेबलावर बसून केलेल्या. हात नाहीत ती दोन विटोने कड्यावर, हात लावून बघितलेली. माझ्या उड्डाणाला सही सकाळचीच, पण कड्यावर कडीला हात लागला होता.

ज्या कडीला कोणी हात लावला नाही, तिथे तो येतो.

टेबलाच्या खणात तळाशी कॅमेऱ्यांची जुनी कार्डं होती. एकावर फक्त तारीख. दोन वर्षांपूर्वीची. मी बघायला नको होतं.

सुरुवातीला मातिया धावायला उभा आहे. पाठीवरची कडी मोकळी, पट्टा वाऱ्याने हलतोय. कदाचित कॅमेरा नीट करायला कडी काढून बाहेर आला असेल आणि तसाच परत शिरला असेल. माणूस चुकतो, म्हणून तर दुसरा माणूस असतो. तो मान वळवून काहीतरी विचारतो. चौकटीच्या कडेला दार्यान, पाठमोरा, कानाला फोन. न वळता अंगठा वर करतो.

मातिया धावतो. जमीन संपते आणि त्याचं अंग खाली पडतं. दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळलेला. पंख नाक खाली घालून सुटतो. तो दांडीवर कोपर चढवायचा प्रयत्न करतो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हनुवटी दांडीवर आपटते आणि तोंडातून रक्त वाऱ्यावर मागे येऊन कॅमेऱ्याच्या काचेवर उडतं. उघडा हात आधी सुटतो. मग तो एका हातावर फिरतो आणि त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. धावल्यापासून दोन मिनिटं अकरा सेकंद. मग दांडी रिकामी आणि खाली मळ्याच्या दगडी बांधावर —

वहीत त्याच्या नावापुढे दार्यानची सही आहे. कॉफीचा डागही.

उद्या विटोला सांगणार. यापुढे प्रत्येक कडी मी बघेन. प्रत्येक. हाताने.

११ ऑक्टोबर

विटो गेला.

सगळं लिहिते, नाहीतर मीही दार्यानसारखी होईन.

काल त्याला सगळं सांगितलं होतं. तो हसला, पण कार्ड बघून हसायचा थांबला. आज कड्यावर पाहुणे होते, गर्दी होती. मी विटोच्या पंखावर कॅमेरा बसवत होते, स्क्रू फिरत नव्हता, बोटं गारठली होती. त्याने ओरडून सांगितलं, "आडवा होऊन झालंय माझं! चल ना बाई, पंख धरून मला इथंच म्हातारा करतेस का?" मी मान वर केली. कडी अडकलेली दिसली. दिसली. मी म्हणाले, "विटो, पाहिलं." सही केली.

हात लावला नाही.

कडी खरंच अडकलेली होती. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या मिनिटाला पंख एका बाजूला झुकला, कोणी दांडीला लोंबकळावं तसा. विटो ओढत होता, ते आम्हाला खालून दिसत होतं. मग पंखाने नाक खाली घातलं आणि चर्चमागच्या बांधावर पूर्ण वेगाने घुसला. आवाज आधी लाकूड मोडल्यासारखा आणि मग ओला. मी पहिली पोहोचले. दांडी त्याच्या छातीतून पाठीला निघाली होती. तो जिवंत होता. अर्धं मिनिट. माझी बाही धरून म्हणाला, पाय, माझे पाय ओढत होता तो. मग तोंडात रक्त भरलं आणि बोलणं त्यात बुडालं.

विटोच्या घोट्यांवर बोटांचे ठसे होते. उजवीकडे रुंद, हातमोज्याचे. डावीकडे नखं हाडापर्यंत रुतलेली.

पोलिसांनी उड्डाणवही मागितली आहे. तपासनीस परवा येणार. विटोच्या नावापुढे माझी सही.

१२ ऑक्टोबर

मिलोयकाबाईंना कार्ड दाखवलं. त्यांना हक्क होता. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, डोळे न मिटता. मग विचारलं, "अंगठा कोणाचा?" मी सांगितलं. त्या उठल्या, एप्रन काढून त्याची घडी घातली आणि बसथांब्याकडे चालत्या झाल्या.

बाई का गेल्या ते कळल्यावर दुपारी दार्यानने माझ्या खोलीचं दार लाथेने उघडलं. कार्ड मागितलं. मी म्हणाले, तपासनिसांना देणार, आणि विटोच्या कडीबद्दल माझंही सांगणार. तो म्हणाला, "तू सांगशील आणि माझं तीस वर्षांचं घर बसेल?"  त्याने माझं डोकं टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. एक दात उड्डाणवहीवर पडला. मग त्याने माझी बोटं एकेक करून उघडली. करंगळी मोडली तेव्हा कार्ड सुटलं.

मग तो रडला. म्हणाला, उद्या आपण दोघं वर जाऊ, दोघांच्या पंखावर उडू, तू चित्रण कर, दिसेल की काही नाही. नकार दिला तर उड्डाणवही जाळेन.

वहीत खरं आहे. वही वाचली पाहिजे.

१३ ऑक्टोबर, सकाळ

गोलेकवरच्या खोपीत. डाव्या हाताला फडकं बांधलंय, उजव्याने लिहिते आहे. कड्यामागच्या डोंगरावर ढगांची टोपी चढली आहे. म्हणजे बोरा, डोंगरावरून कोसळणारा गार झंझावात, येणार. अशा दिवशी कोणी उडत नाही. दार्यान उडणार.

माझ्या अंगावर पट्टे चढवून झालेत. त्याने चढवले. मी म्हणाले, आडवा हो, कडी बघते. तो म्हणाला, सह्या झाल्यात.

झाल्या आहेत. दोन्ही. कॉफीचा डाग ओला आहे.

दुपार

तो एकटाच गेला. मी खोपीचा खांब धरून बसले, सोडलाच नाही. त्याने पोटात लाथ मारली, उड्डाणवही माझ्या अंगावर फेकली आणि ओरडला, बघ मग! धावला.

तिसरं मिनिट यायची वाट बघावी लागली नाही. कड्यावरून सुटतानाच दांडीवर लाल हातमोजा दिसला.

तो किंचाळत होता. वारा सगळं इकडे आणत होता. पंख कड्याकडेच वळला आणि दगडावर आला, पुन्हा आला, तिसऱ्यांदा — हात मोडला तरी तो दांडीला अडकून होता, कडीने धरून ठेवलं होतं, कडी पक्की होती — तोंड राहिलं नाही. आता खाली झाडांत काहीतरी लाल —

कार्ड त्याच्याजवळ होतं.

बोरा सुरू झाला. खाली उतरता येत नाही. गाडीची किल्ली त्याच्या खिशात.

नंतर

खोपीबाहेर पंख उभा आहे. लाल-पांढरा. शिवलेला.

जेवणघराच्या आढ्याला होता. मी सकाळी बघितला होता — डोळ्याने.

कोणीतरी त्याखाली आडवं झालंय. लटकून. थांबलंय. पंख या वाऱ्यात हलतही नाही.

तो कडी बघायला सांगतोय. दोन वर्षं सांगतोय.

बाबा, मी जाणार. हाताने बघणार. कोणीतरी बघायला हवं होतं.

नंतर

हात लावला. कडी मोकळी होती. मी मोठ्याने म्हणाले, मातिया, मोकळी आहे. अडकवली. खट् आवाज झाला. स्वच्छ. मातिया, पाहिलं. सही केली. खरी.

वाटलं आता तो जाईल.

तो उठून बसला. हनुवटी नाही. माझ्याकडे बघतोय — विटोच्या नावापुढची सही बघतोय, बोट तिच्यावर — उघड्या हाताचं बोट —

हो. ती माझी. मी हात लावला नव्हता. लिहिलंय ना, सगळं लिहिलंय —

मला पंखाखाली उभं केलंय. दोघांचा पट्टा. ही लिहायची वही हातात राहू दिली. तो माझ्या पाठीमागे आहे. त्याचा हात पाठीवर, कडीपाशी. गार. माझं नाव घेतोय, निवेस, पाहिलं, निवेस —

मला मागे दिसत नाही. हात पोचत नाही.

पावलं पडायला लागली. मी धावत नाहीये तरी —

खट् झालं नाही. तो आवाज मी ओळखते, तो अजून झाला ना