हॉलमधला नोस्के यांचा अर्धा वाटा

मी, मर्ल ॲगथा पास्क, सिनेमावाले कै. सेसिल पास्क यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार विराबिला, पश्चिम क्वीन्सलंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचंही दडपण नसताना लिहून ठेवते. डॉक्टरांनी मला तपासून डोकं शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी माझी मैत्रीण हुल्दा नोस्के हिच्याशी भांडण झालं त्या आठवड्यात केलं होतं, आणि त्यात रागाशिवाय फारसं काही नव्हतं.

वकील मि. डेव्हनिश यांना या कामी व्यवस्थापक नेमते. तिसरं कलम फार लांबलं आहे असं त्यांचं म्हणणं आहे. ते तसंच राहील.

१. राहतं घर, पाण्याची टाकी आणि कोंबड्यांचं खुराडं माझा भाचा ग्रेडन टकी याला द्यावं. तो दर रविवारी फोन करतो आणि काही मागायला म्हणून कधीच करत नाही. मागच्या व्हरांड्यातली एक फळी सैल आहे, तिच्यावर पाय देऊ नये. कुत्रा घरासोबतच राहील.

२. बँकेतल्या शिल्लकेतून अंत्यविधीचा खर्च करावा आणि उरेल ते ग्रेडनच्या मुलीला द्यावं. तिने ते शिक्षणावर घालवावं नाहीतर मोटरसायकलवर. तिच्या आईचा सल्ला घेण्याची गरज नाही.

३. मोठ्या रस्त्यावरचा पत्र्याचा सिनेमा हॉल माझ्या नावावर आहे. त्याचा अर्धा वाटा ग्रेडनला आणि अर्धा हुल्दा नोस्के हिला देते. ग्रेडनला तो हॉल पेट्रोल पंपवाल्यांना विकायचा आहे, हे मला माहीत आहे. आता हुल्दाच्या सहीशिवाय त्याला तो विकता येणार नाही. त्याने रागावू नये. असं का केलं ते त्याला कळावं म्हणून सगळं लिहिते.

एकेचाळीस साली, लढाई सुरू होऊन दुसरं वर्ष चाललं होतं तेव्हा, सेसिल आपली लॉरी घेऊन पहिल्यांदा आमच्या गावात आला. लॉरीत प्रोजेक्टर, पडदा आणि एका सिनेमाचे डबे होते. शहरांत त्या वर्षी जो तो तोच सिनेमा बघत होता. लंडनची एक नर्तकी, एक तरणाबांड वार्ताहर आणि शत्रूचा एक सभ्य दिसणारा हेर, अशी गोष्ट होती. हॉल माझ्या वडिलांचा, तिकिटं मी फाडायचे. पहिला खेळ झाला आणि नदी चढली. दोन्हीकडचे रस्ते पाण्याखाली गेले, सेसिल अडकला, टपालही थांबलं. गावची बरीच मुलं लढाईवर होती. घरी बसून त्यांची काळजी करण्यापेक्षा लोक तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायला येऊ लागले. तिकिटाऐवजी अंडी, भोपळा, काहीही चालायचं.

मग आवाजाच्या यंत्रातला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेचा दिवा, जळाला आणि सिनेमा मुका झाला. सेसिल पडद्यापुढे येऊन म्हणाला, "माफ करा मंडळी. पाणी उतरेपर्यंत आता सिनेमा बंद." कोणी जागचं हललं नाही. मागे यंत्र फिरतच होतं. नर्तकी नुसतेच ओठ हलवत होती आणि तिचं बोलणं मला पाठ होतं. ते मी बसल्या जागेवरून मोठ्याने बोलून टाकलं. उत्तर द्यायला खाटीक ॲल्बी क्रॅडॉक उठला, तो वार्ताहर झाला. हुल्दाच्या वाट्याला नर्तकीची खाष्ट मावशी आली.

मग पडद्यावर हेर आला आणि हॉल गप्प झाला.

हुल्दाचे वडील, नोस्केकाका, घोड्यांची खोगिरं शिवायचे. लहानपणीच आईबापाबरोबर जर्मनीहून इथे आलेले. पण लढाई सुरू झाली आणि गावाने त्यांना परकं ठरवलं. ॲल्बीने त्यांना मटण देणं बंद केलं होतं. हॉलमध्ये त्यांच्या बाकावर हुल्दाशिवाय कोणी बसत नसे.

"हेराचं काम नोस्केला द्या की," ॲल्बी म्हणाला. "त्याला शिकवायला नको."

लोक हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. हुल्दाने वडिलांची बाही धरली. "बाबा, चला घरी."

"थांब गं," ते म्हणाले. "बिचारा केव्हाचा तोंड हलवतोय."

त्यांनी हॅट काढून बाकावर ठेवली आणि उभे राहिले. पडद्यावरचा हेर नर्तकीला धमकावत होता. काकांनी तेच शब्द असे काही मायेने म्हटले, "दार लावून घ्या, बाई, तुम्हाला गार वारा बाधेल," की सगळा हॉल हसला, आणि या वेळी त्यांच्याबरोबर हसला. शेवटी वार्ताहर पिस्तूल रोखून म्हणतो, "तुझा खेळ संपला." ॲल्बी ते जोरात म्हणाला. काकांनी उत्तर दिलं, "इतक्यात नाही, पोरा." पण ते पडद्याकडे न बघता ॲल्बीकडे बघून म्हणाले. ॲल्बी पुढचं वाक्य विसरला. मला ते कुजबुजून सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲल्बी मटणाचा पुडा घेऊन काकांच्या दुकानाशी उभा.

"खांद्याचं आहे," तो म्हणाला. "काल तुम्ही चांगलं बोललात."

"तू घाई करतोस," काका म्हणाले. "माझं वाक्य पुरतं संपू देत जा."

पाणी उतरेपर्यंत आम्ही तो सिनेमा असाच चालवला. काकांच्या बाकावर जागा मिळेनाशी झाली. मी बोलायला लागले की सेसिलचं यंत्राकडे लक्ष नसायचं आणि मधूनच पडदा पांढरा व्हायचा. आमचं लग्न कसं जमलं असं ग्रेडन नेहमी विचारतो. ते असं जमलं.

पाणी उतरल्यावर जी पहिली लॉरी आली, तिच्यात नवा व्हॉल्व्ह होता, टपाल होतं आणि जर्मन म्हणून नोस्केकाकांना नजरकैदेच्या छावणीत न्यायचा हुकूम घेऊन दोन शिपाई होते. सगळं गाव काकांच्या दुकानाबाहेर जमलं. सेसिल त्या शिपायांना म्हणाला, "अहो, तुम्ही आमचा हेर नेताय. आमचा सिनेमा कसा चालायचा?" त्याला वाटलं, हसतील आणि ऐकून घेतील. ते हसले नाहीत. काकांनी हुल्दाला दुकानाची किल्ली दिली आणि लॉरीत चढले. त्या संध्याकाळी नवा व्हॉल्व्ह बसवला, सिनेमा नीट बोलायला लागला, आणि हॉल अर्धासुद्धा भरला नाही.

लढाई संपत आली तेव्हा काका परतले. फार वाळले होते. रस्त्यावर सगळे उभे, पण पुढे कोणी होईना. ॲल्बी दुकानातून हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "तुझा खेळ संपला."

काकांनी पिशवी खाली ठेवली. त्याचं वाक्य संपल्यावर जरा थांबले. "इतक्यात नाही, पोरा," ते म्हणाले. ॲल्बीने पिशवी उचलली आणि त्यांना घरी सोडून आला. येताना त्याचे डोळे लाल होते, पण त्याला कोणी चिडवलं नाही.

त्यांचं दुकान मोडलं होतं. मग त्यांनी आमच्या हॉलमधली फाटकी कॅनव्हासची आसनं एकेक करून शिवली. आज लोक बसतात ती त्यांच्या हातची आहेत. मजुरी घेईनात. सेसिल म्हणाला, "काका, मग अर्धा हॉल तुमचा. कागद करू." ते म्हणाले, "कागदांचा मला कंटाळा आलाय." पुढे ते गेले, सेसिल गेला, आणि कागद राहूनच गेला. तो हा.

४. प्रोजेक्टर हॉलमधून हलवू नये. सेसिलची फिल्म जोडायची कात्री ग्रेडनने घ्यावी. त्या कात्रीने कोंबडी कापू नये.

५. नर्तकीचं पहिलं वाक्य आपण बोलणार होतो आणि मर्लने ते तोंडातून हिसकावलं, असं हुल्दा आजही सांगते. तिने जरूर सांगत राहावं, आता मी अडवायला नसेन. तिच्या संत्र्याच्या मुरंब्यात साखर फार असते हे माझं मत कायम आहे. माझं जाड बुडाचं पातेलं तिला द्यावं.

६. माझ्या अंत्यविधीत लांब भाषण नको. चहा गरम असावा.

७. हे कलम आज आयत्या वेळी घालते. हुल्दा साक्षीदार म्हणून सही करायला चांगला झगा घालून आली होती. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्ष देता येत नाही, असं मि. डेव्हनिश यांनी सांगितलं, तेव्हा कसला वाटा म्हणून तिने कागद मागून घेतला. तिसरं कलम तिने उभ्यानेच वाचलं. मग म्हणाली, "यात बाबांचं पूर्ण नाव कुठेच नाही. नोस्केकाका म्हणजे कोण, ते कोर्टाला कसं कळणार?" म्हणून तिच्या सांगण्यावरून लिहिते: एमिल योहान नोस्के, खोगिरं शिवणारे, राहणार विराबिला. शेवटचे दोन शब्द तिने मला मोठ्याने वाचायला लावले, आणि मग पुन्हा एकदा.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचलं, ते मला मान्य आहे, आणि खाली सही करते.

सही: मर्ल ॲगथा पास्क

आमच्या समक्ष सही झाली:
आयव्ही बॅकहाउस, मुख्याध्यापिका
नॉर्मन क्रॅडॉक, खाटीक, कै. ॲल्बी क्रॅडॉक यांचा मुलगा

ठिकाण: विराबिला
दिनांक: १४ ऑगस्ट १९८५