डोळ्यात ठेवलेली चकती

१२ डिसेंबर २००५, किन्हवली
उद्या कल्याणला डोळ्याचं ऑपरेशन. दुसरं. पहिलं ज्यांनी केलं त्यांचं वाटोळं होवो. तिरळा डोळा सरळ करतो म्हणाले; आत व्रण धरला, डोळा फिरवणारा स्नायू डोळ्याच्या गोळ्याला चिकटला आणि तेव्हापासून सगळं दोन-दोन दिसतं. कवितेच्या एका ओळीवर दुसरी चढून बसते. एक डोळा झाकून वाचता येतं, पण काण्यासारखं बसून कविता वाचणं मला मंजूर नाही.

या वेळी डॉक्टरीणबाई स्नायूखाली औषधाची पातळ चकती ठेवणार. ती थोडं थोडं औषध सोडत राहील, म्हणजे स्नायू पुन्हा चिकटणार नाही. नवीन पद्धत आहे, खात्री देत नाही, म्हणाल्या. वर धमकी, की ही शेवटची संधी. वय माझ्या सुनेएवढं.

संकल्प: बरा झालो की ट्रंकेतलं सातवीचं जुनं पुस्तक काढायचं. दुपारच्या तासाला अख्खा वर्ग चालीवर म्हणायचा, तशी कविता म्हणायची. दोन्ही डोळ्यांनी वाचून.

१४ डिसेंबर
झालं. दुखतंय. चोळायचं नाही, खळ्यावर फिरकायचं नाही, पांढरं काही डोकावलं तर लगेच यायचं. विचारलं, औषध एकदम का देत नाही? तर म्हणे, "एकदम दिलं तर धुऊन जातं, गुरुजी. व्रण मात्र आठवडेच्या आठवडे धरत असतो." उत्तर घोकलेलं. असली मुलं मी वर्गात ओळखायचो. पाठांतर पक्कं, रसग्रहण शून्य.

१९ डिसेंबर, सकाळ
पुस्तक उघडलं. एकच ओळ दिसली. स्वच्छ, एकटी.
श्रेय डॉक्टरीणबाईंनी घेऊ नये. मी रोज मनात कविता म्हणतो, त्याने डोळ्याच्या शिरा मोकळ्या होतात. चकती आता उगाच आत पडून आहे. फुकटखाऊ.

२३ डिसेंबर
खुपतंय. झोडणी चाललीय, भाताचं तूस उडतंय. खळ्यावर गेलो नव्हतो. मजूर कामचुकारपणा करतात का, ते कडेला उभा राहून बघत होतो. बायको म्हणाली, "अवो, डोळा हाय तो, पाटी नाय पुसायला."
चोळत नव्हतो. दाबत होतो. काशीला फरक कळत नाही.

२४ डिसेंबर
आरशात पाहिलं. कोपऱ्यात पांढरं टोक. म्हणजे टाके कच्चे, हे बाईंना आधीच ठाऊक होतं. त्याशिवाय बजावलं असतं का? उद्या रविवार, त्यात नाताळ. कल्याणला कोण मरायला जातो.
त्यापेक्षा धोंडीबाई. मुरबाडच्या वाटेवर राहते, डोळ्यातला कचरा जिभेने काढते. घेते फक्त नारळ. लहानपणी आई मला अशाच एका म्हातारीकडे न्यायची. काय दिवस होते. माणसं वेगळीच होती.

२५ डिसेंबर
गेलो. काशी वाटभर कुरकुरत मागे. ऑपरेशनचं धोंडीबाईला सांगितलं नाही. अडाणी माणसाला घाबरवू नये. तिने चूळ भरली, पापणी उलटवली, जीभ फिरवली नि म्हणाली, "गुरुजी, यो तूस नाय. कागदावानी काय तरी हाय."
काढ म्हटलं. काशी मध्येच, "गो धोंडे, थांब, त्यांचा डोळा कापलाय." तिला गप्प करेपर्यंत चकती धोंडीबाईच्या तळहातावर होती. तिने ती अंगणात झटकली, कोंबडीने दाणा समजून गिळली.
काशी म्हणते, "आता कोंबडीचा डोळा सरळ व्हईल."
डोळा मात्र फुलासारखा हलका. डॉक्टरीणबाईंना चार शब्द सुनावणार आहे.

४ जानेवारी २००६
डोळा लाल, आतून ओढल्यासारखा. धोंडीबाई मिश्री लावते, दोष तिचाच. ओळीला सावली दिसतेय. खोलीतला बल्ब भिकार आहे. शहापूरहून मोठा मागवला.

१५ जानेवारी
मोठा बल्ब लावला. आता दोन्ही ओळी स्पष्ट दिसतात.

२० जानेवारी
कल्याण. बाईंनी विचारलं, चकती कुठे? म्हटलं, विरघळली, तुमचं औषधच हलकं. काशी कधी दवाखान्यात तोंड उघडत नाही. आज उघडलं. "कोंबडीनं खाल्ली, बाई."
मला वाटलं बाई हसतील, म्हणजे मग मला भांडता येईल. हसल्या नाहीत. बराच वेळ डोळा तपासला. स्नायू पुन्हा चिकटलाय, या वेळी पहिल्यापेक्षा घट्ट, आता हात लावता येणार नाही, म्हणाल्या. वाचताना एका डोळ्यावर लावायला काळं झाकण दिलं.
येताना एसटीत काशी दुसऱ्या बाकावर बसली.

२१ जानेवारी, संध्याकाळ
झाकण लावलं नाही. लावणारही नाही.
चहा मागितला. समोर दोन काश्या तांदूळ पाखडत बसल्या होत्या. दोघीही उठल्या नाहीत.