सहादेवभाऊंची साक्ष

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चर्चच्या उपासनेत आज पुन्हा नवीन गाणं! पडद्यावर शब्द, आणि ढोल असा की शेजारणीचा सूर ऐकू येईना. पहिलंच कडवं — तुझ्यावाचून करमेना, तुझ्यासाठी जीव झुरे. कोणासाठी? प्रभूचं नाव कुठेच नाही! घरी येताना इराला म्हटलं, "अगं, रसवंतीवर बसलेला पोरगासुद्धा हे म्हणेल, त्याच्या तिच्यासाठी!" गायनपथक इराच चालवते. पोटची पोरगी, म्हणून माझं ऐकून घेते. हसली. "मम्मी, तुझी जुनी गाणी कळायला शब्दकोश लागतो." हेही खरंच. हे मध्येच म्हणाले, "भाजी करपतेय बघ." भाजी अजून चुलीवर चढलीच नव्हती. वाद नको म्हणून.

मंगळवार, ९ सप्टेंबर

इराचा सराव. "विश्वास माझा, विजय माझा, रोग पळाला दूर." चाल गोड आहे — भाकरी थापताना मीच गुणगुणायला लागले, मग थांबले. सगळं माझं, माझं! देवाच्या वाट्याला काय? आणि रोग नाही पळाला तर? इरा म्हणाली, "मम्मी, गाणं आहे ते, डॉक्टरची चिठ्ठी नाही." पटलं मात्र नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

ते 'रोग पळाला' गाणं झालं. सगळे उभे, हात वर. संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला प्रभूचा स्पर्श झालाय? साक्ष द्या." सहादेवभाऊ उठले. केडगावचे. टेम्पो चालवायचे, किडन्या गेल्यापासून घरीच, सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. म्हणाले, "मी बरा झालो. प्रभूनं हात लावला मला." टाळ्या! मीही वाजवल्या. त्यांच्या प्रेमलाबाई तेवढ्या रडत होत्या. आनंदाने, असं वाटलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

दुपारी प्रेमलाबाईंचा फोन — भाऊ मशीनवर गेलेच नाहीत! सावेडीच्या घरून थेट रिक्षा केली, भाव न करता. भाऊ खाटेवर बसलेले, पाय सुजून टम्म.

"ताई, मंडळीसमोर साक्ष दिली मी. आता मशीनवर बसलो तर देव खोटा पडंल, न्हाई का?"

प्रेमलाबाई आतून ओरडल्या, "देव न्हाई पडत! तुमीच पडाल, आडवे!"

भाऊ हसले. ऐकलं मात्र नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, गुरुवारही चुकवला तर छातीत पाणी भरेल, मग आमच्या हातात काही नाही.

इराला सगळं सांगितलं. वाटलं, वाद घालेल. ताटावरून तशीच उठली.

बुधवार, १७ सप्टेंबर

पाळकसाहेब काल जाऊन आले. "भाऊ, डॉक्टरही देवानेच दिलेत," असं त्यांनी सांगितलं. भाऊंनी विचारलं, "मग रविवारी तसं का न्हाई गायलं?" हे साहेबांनी स्वतःच मला फोनवर सांगितलं. मोठं मन लागतं त्याला.

आज मी इराला घेऊन भाऊंकडे गेले — म्हणजे तीच मला घेऊन गेली. दारातच म्हणाली, "काका, गाणं मी निवडलं. चाल आवडली म्हणून. शब्दांचा विचारच केला नाही."

"गानं लई ग्वाड हाय, पोरी. पर शब्दांनी अडकवलं बघ मला."

"मग दुसरे शब्द घालू."

"काय घालशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस नावं ठेवत होते मी — आणि आता एक ओळ सुचू नये! मग जे ठाऊक आहे तेवढंच बोलले. पवित्र शास्त्रातली माणसं रडतात, देवाला 'का?' म्हणून जाब विचारतात, दुखतंय ते दुखतंय म्हणतात. त्यांना कोणी अविश्वासू ठरवलेलं नाही.

भाऊ म्हणाले, "म्हंजी रडत म्हटलेलं बी चालतं व्हय देवाला?"

प्रेमलाबाई कपबश्या उचलता उचलता म्हणाल्या, "न चालून काय करतो! मी रोज न्हाणीत तेच करतेय."

भाऊंनी त्यांच्या हातातल्या कपबश्या काढून खाली ठेवल्या. त्यांना हे माहीतच नव्हतं! पण उद्याचं काही बोलले नाहीत. निघताना मी प्रार्थनेला डोळे मिटले, तर नुसतं "प्रभू, प्रभू" एवढंच आलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

इरा कॉलेजला निघत होती, तेवढ्यात प्रेमलाबाईंचा फोन. मागे मशीनची पीप-पीप! "ताई, इराला द्या. आमचे हे गानं सांगत्यात. चाल तीच ठेव म्हनत्यात, ढोलासकट." पोरीने पायात चपला तशाच ठेवून फोन धरला. भाऊंचा आवाज दमलेला, पण सुरात —

"हात माझा, सुई त्यांची, तू नको जाऊ दूर."