राहीच्या बावीस पायऱ्या

१६ जून १९८६
लागले एकदाची कामाला! केळशीच्या हायस्कुलात. काम एकच — राहीला उचलायचं. पोलिओने तिचा डावा पाय लुळा, यंदा पाचवीत आलीय. रस्ता खाली, शाळा वर, मध्ये चिऱ्याच्या बावीस पायऱ्या. सकाळी वर न्यायची, मधल्या सुटीत लघवीला, संध्याकाळी खाली. दिवसाला चार रुपये.

१० जुलै
राही तापाने आली नाही, म्हणून माझेही चार रुपये बुडाले. हरिश्चंद्र कारकून म्हणाले, बिल पोरीच्या हजेरीवर निघतं. रजिस्टरात रकानाच आहे — ‘उचलून नेले’. त्यात खूण नाही तर पैसे नाहीत. शिवा शिपाई आजारी पडला तरी पगारी. मग मी कोण, विचारलं. म्हणाले, तुमची जागाच मंजूर नाही, बाई.
बरं! जागा नाही, कंबर मात्र माझीच मोडतेय.

२२ सप्टेंबर
राही खांद्यावर बसून पाढे म्हणते. आज तेराला अडली, पुढचं मला विचारलं. मला तरी कुठे येतो!

२४ नोव्हेंबर
दापोलीला शिबिरात राहीला कॅलिपर मिळालं. बुटाला लोखंडी पट्ट्या, वर चामड्याचे पट्टे. तिच्या आईला भात झोडायचा होता, म्हणून मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “बाई, आता हिला उचलू नका. नुसतं धरा. पाय वापरला नाही तर आहे तो जोरही जाईल.”
मी मान हलवली. येताना एस्टीत पोर माझ्या मांडीवर झोपली आणि मी मनात हिशेब मांडत बसले. ह्यांची मुंबईहून मनीऑर्डर गणपतीपासून नाही. घरात दोन पोरं, सासू. महिन्याचे चार गुणिले चोवीस. दुसरं काही सुचेचना.

४ डिसेंबर
घंटा झाली तेव्हा राही तिसऱ्या पायरीवर. घाम फुटलेला. उचलली सरळ. रकान्यात खूण केली.
राही वर्गाकडे वळली तशी कारकुनांना विचारलं, ती चालायला लागली तर? म्हणाले, मग ती अपंगांच्या योजनेत बसत नाही, तुमचं काम संपलं. रागाने नाही बोलले, आहे तसं सांगितलं. वर म्हणाले, चालली तरी खूण करत जा, मी बघत नाही. भला माणूस. पण पोरीच्या पायावर खोटी खूण करायची?
मी स्वतःला सांगते, घंटेसाठी उचलते. थापा! तिला अर्धा तास आधी बोलावलं तर कोण अडवतंय मला?

१५ डिसेंबर
आज राहीला अर्धा तास आधी बोलावलं. म्हटलं, पाच पायऱ्या तरी चढवीन. तर राहीनेच हात वर केले. दुखतंय म्हणाली, उचल ना मावशी.
मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं त्याची इतकी लाज वाटली की दिवसभर तिच्या तोंडाकडे बघवेना. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. इथे लिहिते.

१६ डिसेंबर
उचलली.

११ जानेवारी १९८७
रविवार. राहीच्या घरी गेले होते, ताक मागायला. तिची आई, काशीवहिनी, खळ्यात गोवऱ्या थापत होती. मी विचारलं, पायाचं दुखणं कसं आहे गो? तिने हातातली गोवरी खाली ठेवली.
“कसलं दुखणं? महिना झाला, एकटी माळ्यावर चढते ती. शाळेत सांगू नको म्हणते. विमलमावशीचे पैसे बंद होतील म्हणून.”
उद्या सकाळी मी पायऱ्यांच्या खाली थांबणार नाही. वर जाऊन उभी राहणार.