आईचा कार्यक्रम जुन्या रेकॉर्डरमध्ये राहिला

ताई,

बाबा घरातून निघून गेलेत. मी शोधायला चालले आहे. तुझा फोन लागत नाहीये, म्हणून ही चिठ्ठी.

माझंच चुकलं. टीव्हीचा भाड्याचा रेकॉर्डर आज सकाळी मी दुकानदाराला परत दिला. दोन वर्षं भरलेल्या भाड्यात नवा आला असता, हा माझा शहाणा हिशेब. बिघडला तर ते बदलून देतात, महाग पडला तरी राहू दे, असं तू म्हणत होतीस. मी ऐकलं नाही, नवा विकत आणला. आईचा टीव्हीवरचा शिवणाचा कार्यक्रम जुन्याच्याच पोटात आहे, हे डोक्यातच आलं नाही गं.

आई गेल्यापासून बाबा रोज चहा झाला की तो लावतात. ती पडद्यावर दिसली की "आली एकदाची" म्हणतात आणि शांत होतात. आज नव्यात काहीच नव्हतं. "अजून कशी आली नाही?" हेच सारखं चाललं होतं. मी दुकानदाराला फोन लावायला गॅलरीत गेले, परत येते तर दार सताड उघडं.

तू घरीच थांब. कडी लावू नकोस. दुकानदार फोन उचलत नाहीये, तू लावत राहा. मशीन दुसऱ्याला देण्याआधी ते आतलं सगळं पुसतात.

मी आधी बसस्टॉपवर बघते, आई तिथेच उतरायची.

बाबांच्या चपला इथेच आहेत. खुंटीवरचा आईचा स्वेटर मात्र नाही.