ताडोबाच्या अर्जातलं नाव

अमरावती, ३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यास, दामिनीचा नमस्कार. घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. शनिवारी ताडोबाच्या सफारीचा अर्ज भरायला बसले. तारीख २७ डिसेंबर.
२. तुझे यजमान, मामाजी, यांनी तुझं आधार कार्ड मोबाइलवर पाठवलं. नाव मनकर्णा, जन्मवर्ष १९५५.
३. बाबांचं जन्मवर्ष १९६४. तू त्यांची धाकटी बहीण.
४. आकडा चुकला असेल म्हणून दुसरा पुरावा मागितला. मामाजींनी जुनं रेशनकार्ड पाठवलं.
५. ते १९८४ सालचं आहे. त्यात लिहिलंय: मनकर्णा, पत्नी, वय २९.
६. तुझं लग्न १९८८चं.

ट्रान्सफॉर्मर तपासताना दोन वेगळ्या मीटरवर तोच आकडा आला, तर मी त्याला चूक म्हणत नाही. बाबांना विचारलं. मामाजींची पहिली बायको बाळंतपणात गेली एवढं त्यांना माहीत होतं, नाव नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तुमचा फोन बैठकीत स्पीकरवर असतो, म्हणून हे पत्र. कार्डावरचं नाव तिचं आहे, हे तुला माहीत होतं का? अर्ज मी अर्धवट ठेवलाय.

तुझी माया आहे तशी राहू दे.
दामिनी


अकोला, ८ नोव्हेंबर

चि. दामिनीस पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गॅसवरची भाजी करपली. तू इतकं बारीक पाहतेस की तुझ्या सासूचं कसं होईल, याची मले आधीपासून काळजी होती.

मले माहीत नव्हतं पोरी. पहिली वारली हे सोयरिकीच्या वेळीच सांगितलं होतं. घरात तिले सारे ‘मोठी’ म्हणत. गेलेल्या बाईचं नाव मी काहून विचारावं? लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. आमच्याकडं नवरीचं नाव बदलतातच. नाव वाचल्यावर बाया चिडवतात, हसतात. त्या दिवशी साऱ्या गप्प बसल्या. मले वाटलं, नाव जुन्या वळणाचं निघालं म्हणून. मले तर ते आवडलं होतं.

काल यांना विचारलं. हे पेपर वाचून राहिले होते. पेपर खाली न करता म्हणाले, की एक नाव कापायले अन दुसरं चढवायले तहसीलात किती चकरा झाल्या असत्या, तेच ठेवलं तर सारं निभलं. मंग म्हणाले, की इतक्या वर्षांत तुले कमी काय पडलं? मी चहा ठेवला. गाळता गाळता अर्धा ओट्यावर सांडला.

तिचं मरणही यांनी नोंदवलं नाही. कागदावर ती जिती आहे, मी कुठंच नाही. मतदानाले गेलं की पोरी माझं वय वाचून हसायच्या. मीही हसायची.

माझं नाव अर्जातून काढू नको. पण गेटवर तिच्या नावानं उभी राहू का, हे समजून नाही राहिलं. अंजनगावच्या शाळेत मी सातवीपर्यंत होते. तिथं माझं माहेरचं नाव, पार्बता, असंल का, पाहशील?

जीवाले जप, अन तुझ्या बाबाले, गजेंद्रभाऊले, जेवू घाल.
तुझी आत्या


अमरावती, १५ नोव्हेंबर

ती. सौ. आत्यास नमस्कार.

पाकिटावर मनकर्णा हेच नाव घातलंय. दुसऱ्या नावानं टपाल तुला पोचणार नाही.

काल रजा टाकून अंजनगाव सुर्जीला गेले. शाळेच्या रजिस्टरमध्ये पार्बता आहे. जन्म ४ जून १९६८. उताऱ्याची प्रत सोबत आहे. कारकुनानं विचारलं, की बाई हयात आहेत का. मी हो म्हणाले. रजिस्टर माझ्याकडं वळवून मी पुन्हा वाचलं.

नवं कार्ड २७ डिसेंबरपर्यंत होणार नाही. आहे त्या कार्डावर गेलो तर गेटवर अडचण नाही. कार्ड आणि अर्ज जुळतील, सत्तर वर्षांची बाई म्हणून तुला आत सोडतील. पार्बता म्हणून जायचं असेल, तर सहल मे महिन्यात नेऊ. तोवर आधी तिच्या मृत्यूची नोंद, मग तुझ्या लग्नाची, मग तुझं कार्ड. मी वकिलाला विचारलंय. बाबा साक्ष द्यायला तयार आहेत. पहिल्या कागदावर मामाजींची सही लागेल. ती मी मागणार नाही. ती तुला मागावी लागेल.

ते नाही म्हणतील, हे मला माहीत आहे. तुला काय हवं ते मला माहीत नाही, म्हणून अर्जातली तुझी ओळ रिकामी ठेवली आहे. बाकी सगळ्यांची नावं भरली.

तिथं कोणतं नाव घालू, ते मंगळवार, २५ नोव्हेंबरपर्यंत कळव.

दामिनी