मावशीची मापं

३ फेब्रुवारी
सर्व्हर समजला. समोर दिसतं ते शोभेचं, खरं काम मागे चालतं. मीही मागे राहून काम करणारा माणूस. विषय माझ्यासाठीच काढलाय.
प्रोजेक्ट ठरला: मावशीच्या शिवणकामाच्या दुकानाची साइट. कपडा कुठवर आला ते गिऱ्हाइकाला घरबसल्या कळेल. बाकी वर्ग खोटी माहिती भरणार. मी खरी भरणार.

५ फेब्रुवारी
मावशी मापांची वही देईना. ती मशीनच्या खणात, कुलपात असते. म्हणाली, बाया जे माप नवऱ्याला सांगत नाहीत ते मला देतात. मी म्हणालो, मावशी, मी सिक्युरिटी शिकतोय.
तिने किल्ली दिली.

११ फेब्रुवारी
एकशे बारा बायांची मापं भरून झाली. लॉगिन तयार.
आज मॅडम म्हणाल्या, माणूस घरात आला म्हणून प्रत्येक कपाट त्याचं होत नाही. दर कपाटापाशी विचारायचं, हे तुझं का? लिहून घेतलं. दोनदा अधोरेखित केलं.

१४ फेब्रुवारी
साइट सुरू. मावशीला एकच बटण दिलंय: ‘तयार’. कपडा झाला की दाबायचं. ती भीत भीत दाबते, गरम तव्याला हात लावल्यासारखी.

१६ फेब्रुवारी
वर्गातल्या दुर्बिणीने साइट पाहिली. (चष्मा जाड आहे. नाव मी ठेवलं नाही. पसरवलं.) पानाच्या पत्त्यात शेवटी ऑर्डरचा नंबर असतो. तिने ४१चा ४२ केला. दुसऱ्याच बाईची कंबर समोर. म्हणाली, अरे, साइट आहे की धर्मशाळा?
मी म्हणालो, ठाऊक आहे, टप्प्याटप्प्याने करतोय.
ठाऊक नव्हतं. आता आहे. कोडच्या चार ओळींचं काम. रविवारी.

२२ फेब्रुवारी, रविवार
साइटचे रंग बदलले. गिऱ्हाइकाचा विश्वास आधी रंगावर बसतो. चार ओळी उद्या.

२३ फेब्रुवारी
डोकं दुखतंय. नंबर बदलत बसायला कोण रिकामं आहे?

२६ फेब्रुवारी
बँकेतल्या बाई रिकाम्या होत्या. स्वतःचा ड्रेस झाला का बघताना नंबर चुकला म्हणतात. पाच वेळा चुकला. मुख्याध्यापिकाबाईंची कंबर आता अख्ख्या शाळेला पाठ आहे. त्या दुकानात आल्या आणि आपला अर्धा शिवलेला ड्रेस टाचण्यांसकट घेऊन गेल्या.
मावशीचा फोन. म्हणाली, माझ्याच हातून भलतं काही दाबलं गेलं रे. तुझी एवढी मेहनत. रागावू नकोस.
मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

दुपारी ३.१०
चार ओळी लिहिल्या. सात मिनिटं लागली.

२७ फेब्रुवारी
मावशीला सांगायचं ठरवलं. फोनवर नको. अशा गोष्टी समोरासमोर.

३ मार्च
रिपोर्ट दिला. सगळं प्रांजळपणे लिहिलं: दोष माझा, ठाऊक असून दहा दिवस तसाच ठेवला. मॅडमनी वर्गात वाचून दाखवला. म्हणाल्या, चूक कबूल करायला धाडस लागतं. टाळ्या पडल्या. बरं वाटलं. मग वाटेना.
दुर्बिणीने टाळ्या वाजवल्या नाहीत. विचारलं, मावशीला सांगितलंस? मी म्हणालो, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, बघ, बघ. रविवार येतोच आहे.

७ मार्च
सांगायलाच गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. छोटं होतं.
मशीन कापडाने झाकलेलं. मावशी स्टुलावर बसून पाय चोळत होती. तीन दिवस घरोघर जाऊन बायांची माफी मागत होती. सतरा घरं झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी दार उघडलं नाही. ती दाराबाहेरूनच बोलून आली.
मी म्हणालो, मावशी, एक सांगायचंय.
ती म्हणाली, आधी माझं ऐक. मला ते बटण नीट शिकव. पुन्हा माझ्या हातून असं नको व्हायला.
शिकवलं. इथे दाबायचं, इथे नाही. तिने कागदावर चित्र काढून घेतलं. दहा वेळा दाबून पाहिलं. दर वेळी विचारलं, आता नाही ना रे चुकत?
नाही, म्हणालो. दहाही वेळा.